सेप्टिक टाकीत माणूस उतरवायचा नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी सकाळी आमच्या वाघोलीतल्या सोसायटीच्या मागच्या बाजूला, सेप्टिक टाकीच्या झाकणापाशी, विशीतला एक मुलगा शर्ट काढून उभा होता. कमरेला दोरी, तोंडाला रुमाल, पाय अनवाणी. टँकरने वरचं पाणी ओढून नेलं होतं, पण तळाला बसलेला घट्ट गाळ काही पाइपातून येईना. ठेकेदार म्हणाला, "मॅडम, पोरगं उतरंल, बादलीनं काढंल, तासाभराचं तर काम हाय." मी त्याला उतरू दिलं नाही. त्या मुलाचा चेहरा पडला. आजची मजुरी बुडाली, असंच त्याला वाटलं असणार. ती त्याला दिली.

हे मोठेपणासाठी लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी याच टाकीच्या सफाईचं व्हाउचर फाइलमध्ये आहे. त्यावर लिहिलंय, 'टाकी सफाई, मजुरी, माणसे 2'. खाली सचिव म्हणून माझी सही. ती माणसं बाहेर उभी राहून काम करणार की आत उतरणार, हे मी तेव्हा विचारलं नव्हतं. ते दोघे सुखरूप वर आले, त्यात माझा काही वाटा नव्हता.

आमच्या भागात हे काही दूरचं नाही. मार्च 2022 मध्ये लोणी काळभोरला सेप्टिक टाकीत चार जणांचा जीव गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, वाघोलीतल्या एका सोसायटीत तिघांचा. एप्रिल 2024 मध्ये विरारला एका गृहसंकुलाच्या मैलाशुद्धीकरण केंद्रात चौघांचा. मुंबईत गोवंडीला डिसेंबर 2019 मध्ये तिघांचा, तोही एका सोसायटीच्याच टाकीत. बातमी दोन दिवस असते, गुन्हा ठेकेदारावर दाखल होतो आणि शेजारची सोसायटी पुढच्या महिन्यात तसाच दुसरा ठेकेदार बोलावते.

टाकीत नेमकं काय होतं, हे सोसायटीच्या प्रत्येक सभासदाला माहीत हवं. कुजलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून लोकांना वाटतं, वास येतोय तोवर सावध राहू. पण या वायूचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास थांबतो तेव्हाच धोका सर्वांत जास्त असतो. हवेपेक्षा जड असल्याने तो तळाशी साचून राहतो. तासभर झाकण उघडं ठेवलं की टाकी 'मोकळी' होते, हा गैरसमज आहे. शिवाय बराचसा वायू गाळातच अडकलेला असतो. माणूस खाली उतरून फावडं मारतो आणि तो एकदम सुटतो. एकदोन श्वासांत माणूस कोसळू शकतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. काही जण आत पेटती मेणबत्ती सोडून बघतात. मेणबत्तीला हा विषारी वायू कळत नाही, आणि टाकीत मिथेन असला तर स्फोट व्हायचा.

आकडे तीन, चार असे का असतात, याचं उत्तरही यातच आहे. पहिला पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो, मग तिसरा. बहुतेक वेळा ते भाऊ असतात, मेहुणे असतात, एकाच गावचे असतात. वर उभ्या असलेल्या माणसाला आपला माणूस खाली पडलेला दिसत असताना 'उतरू नकोस' म्हणणं फार अवघड. म्हणून पहिलाच उतरता कामा नये.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा त्याच वर्षी 6 डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, अंमलात आला. गटार किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईसाठी कोणीही माणूस लावू नये, असं त्यात स्पष्ट आहे. 'कोणीही' यात सोसायटी आली, अध्यक्ष आले आणि सही करणारी सचिवही आली. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अजामीनपात्र. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये मृताच्या कुटुंबाला दहा लाख रुपये भरपाई ठरवली होती, ऑक्टोबर 2023 मध्ये ती तीस लाख केली. नियमांप्रमाणे माणूस उतरवणं अगदीच अपरिहार्य असेल, तर स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मुख्य अधिकाऱ्याची लेखी, सकारण परवानगी लागते. अशी परवानगी मागितलेली सोसायटी मला तरी अजून भेटलेली नाही.

सरकारने 2022 आणि 2023 मधल्या अशा 54 मृत्यूंची तपासणी करवली होती. त्यांपैकी 49 प्रकरणांत कामगाराच्या अंगावर सुरक्षेचं एकही साधन नव्हतं. मला जास्त लागली ती दुसरी गोष्ट: 54 पैकी 38 जणांना खासगीरीत्या, सुटं कामावर घेतलेलं होतं. म्हणजे हा प्रश्न फक्त महापालिकेचा नाही. बोलावणारे आपण आहोत, तुमच्या-माझ्यासारखे घर घेतलेले, मेंटेनन्स भरणारे लोक. आणि आपण बोलावतो तेव्हा झाकणाशी येऊन उभी राहणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या वस्त्यांमधून येतात, हे आपल्याला चांगलं माहीत असतं. त्यावर आपण बोलत नाही.

पैशाचंही सांगते, कारण समितीच्या बैठकीत गाडी तिथेच अडते. माणसं उतरवायची मजुरी आमच्या ठेकेदाराने तीन हजार सांगितली होती. वरून दाबाने पाणी मारून गाळ सैल करायचा आणि मग ओढून घ्यायचा, अशा जेटिंगच्या गाडीचे अकरा हजार झाले. फरक आठ हजार. आमच्याकडे 84 सदनिका आहेत. घरामागे साधारण 95 रुपये पडले. गाडी मंगळवारी आली, दोन तासांत टाकी रिकामी झाली, आत कोणी पाऊल टाकलं नाही.

टाकी इतकी घट्ट भरली, यातही चूक आमचीच. साधारण दोन-तीन वर्षांनी ती उपसायला हवी. आम्ही वरवरचं पाणी काढून भागवत राहिलो आणि गाळ दगडासारखा झाला. साताऱ्यातलं वाई आणि नाशिक जिल्ह्यातलं सिन्नर या गावांनी यावर साधा मार्ग काढला. तिथे नगरपालिकाच वेळापत्रक लावून, दर तीन वर्षांनी घरोघरची टाकी गाडीने उपसते. टाकी तुंबायची आणि लोकांनी फोन करायची वाट कोणी बघत नाही, खर्च पालिकेच्या करातून होतो, आणि उपसलेला मैला ओढ्यात न जाता प्रक्रिया केंद्रात जातो. वाई, सिन्नर ही लहान शहरं आहेत. त्यांना जमतं ते पुण्याला का जमू नये? वाघोलीसह 23 गावं जून 2021 मध्ये महापालिकेत आली. मिळकतकर आला, पण आमच्यापर्यंत ड्रेनेज लाइन आलेली नाही. ती येईपर्यंत या टाक्या राहणारच आहेत. मग निदान कोणत्या सोसायटीत किती मोठी टाकी आहे आणि ती शेवटची कधी उपसली, एवढी नोंद तरी पालिकेने ठेवावी, आणि समाविष्ट गावांसाठी जेटिंगच्या गाड्या ठरलेल्या दराने द्याव्यात.

आपल्याकडे दोन विनंत्या. टाकी आणि गटार सफाईसाठी 14420 हा हेल्पलाइन क्रमांक आहे. तो आपण ठळक छापावा, अनेक सोसायट्यांना तो माहीतच नाही. आणि अशा दुर्घटनेची बातमी देताना काम कोणी दिलं होतं, किती रुपयांत दिलं होतं, हेही विचारावं.

आमच्या सर्वसाधारण सभेपुढे या महिन्यात मी एक ठराव ठेवते आहे: संस्थेच्या सेप्टिक टाकीत, पाण्याच्या टाकीत वा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये कोणत्याही कारणाने माणूस उतरवला जाणार नाही, आणि कामाच्या वेळी समितीचा एक सदस्य जागेवर हजर राहील. इतर सोसायट्यांना मसुदा हवा असल्यास आपल्या कार्यालयामार्फत आनंदाने पाठवीन.

आपली,
एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सचिव,
वाघोली, पुणे