ए१ जर्मन कोर्सची फी परत मिळण्याबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'हमखास पास' ए१ जर्मन ऑनलाइन कोर्स, फी ८,९९९ रुपये.

महोदय/महोदया,

माझे पती नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्टला असतात. तिकडे जाण्याच्या व्हिसासाठी मला ए१चे, म्हणजे जर्मनच्या सर्वांत पहिल्या पातळीचे, प्रमाणपत्र लागणार आहे, म्हणून तुमचा कोर्स घेतला.

'फक्त आमच्याकडे' असे लिहिलेला व्हिडिओ विभाग उघडला, तर डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या 'निकोस वेग' या भाषा शिकवणाऱ्या मालिकेचे भाग सुरू झाले. मालिका झकास आहे, पण ती डॉइचे वेलेच्या संकेतस्थळावर ए१पासून बी१पर्यंत, सरावासकट, कुणालाही फुकट पाहता येते. नमुना प्रश्नपत्रिकाही परीक्षा घेणारी ग्योथे इन्स्टिट्यूट विनामूल्य देते तीच. कोपऱ्यात तेवढा तुमचा लोगो चिकटवलाय.

मी पैसे भरले ते जे फुकट मिळत नाही त्यासाठी. परीक्षेत साधारण ३० शब्दांचा छोटा मजकूर लिहायचा असतो. त्यातल्या चुका कुणीतरी दाखवाव्या लागतात, आणि जाहिरातीत 'अनुभवी शिक्षक तपासतील' असे स्पष्ट म्हटले होते. प्रत्यक्षात काहीही पाठवा, मिनिटाभरात 'खूप छान! असाच सराव चालू ठेवा' येते. शंका आली म्हणून एकदा मुद्दाम भाजीची यादी पाठवली, तीही मराठीत. मेथी, दोडका, आले, कढीपत्ता. तीसुद्धा खूप छान निघाली.

तुमचे स्वतःचे म्हणावे असे काय, तर क्विझ. नवव्या धड्यात मी 'मिट डेम बुस' (बसने) लिहिले, ते चूक ठरले आणि 'मिट डेन बुस' बरोबर! 'मिट'नंतर डाटिव विभक्ती येते, म्हणजे इथे 'डेम'च हवे, हे तुमच्याच सहाव्या धड्यात आहे. नवीन माणूस चुकीचेच पाठ करून परीक्षेला बसणार, त्याचे काय?

बोलण्याच्या तासाला वर्गभर माणसे आणि सगळ्यांचे माइक बंद. परीक्षेत स्वतःची ओळख करून द्यावी लागते, एखाद्या शब्दाचे स्पेलिंग सांगावे लागते, कार्ड पाहून शेजारच्या उमेदवाराला प्रश्न विचारावा लागतो. हे म्यूटवर बसून कसे शिकायचे?

चॅटवर फी परत मागितली, तर 'सात दिवसांनंतर रिफंड नाही' असे उत्तर मिळाले. पहिल्या सात दिवसांत तुम्ही एकच धडा उघडू देता. बाकीचे आठवड्याला एक. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. मला पुढच्या कोर्सवर सवलत किंवा कूपन नको, पूर्ण फी परत हवी. मुदतीत काही झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) तक्रार नोंदवेन आणि गरज पडल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

पावती, जाहिरातीचा आणि नवव्या धड्याचा स्क्रीनशॉट, तसेच भाजीच्या यादीवरचा शेरा सोबत जोडला आहे. रक्कम ज्या यूपीआय खात्यातून भरली, त्याच खात्यात जमा करावी.

आपली,
एक ग्राहक, नाशिक