रेणुका म्हणजे नुसती धूळ नव्हे

महोदय,

नातीच्या बारशाला आत्याने तिच्या कानात ‘रेणुका’ हे नाव सांगताच, ‘याचा अर्थ तर धूळ होतो’ अशी कुजबुज पाळण्यापाशी सुरू झाली. रेणू म्हणजे धूलिकण हे खरेच. परंतु संस्कृतात फुलातल्या परागालाही रेणू म्हणतात आणि विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात अणूंच्या जोडणीतून तयार होतो, तोही रेणूच. शिवाय भागवतात रेणुका ही रेणू राजाची कन्या आहे (महाभारत मात्र पित्याचे नाव प्रसेनजित सांगते), तेव्हा जानकी, द्रौपदी यांच्याप्रमाणे हे नाव पित्यावरूनही आलेले असू शकते. बारशाच्या पानासोबत माहूरगडाहून, रेणुकादेवीच्या मंदिरातून आणलेला, खलबत्त्यात कुटलेला तांबूल होता. नाव बदलण्याचा सल्ला देणाऱ्या पाहुण्यांनीही तो मागून घेतला.

— एक आजोबा, किनवट, जि. नांदेड