टोनी ग्रेगरी यांना, उशिरा का होईना

टोनी ग्रेगरी यांस,
स. न. वि. वि.

आपली भेट कधी झाली नाही. तुम्ही 2 जानेवारी 2009 ला गेलात आणि मी डब्लिनला आले ती त्यानंतर. तरी आभार मानायचे आहेत, आणि सुरुवात मूर स्ट्रीटच्या फेरीवाल्या बायकांपासून करते. इथं नवखी असताना मला बांगडा त्यांच्याकडेच मिळाला. घासाघीस केली की डोळे वटारतात आणि वर एक जास्तीचा पिशवीत टाकतात. तुमचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्यातल्याच एका म्हातारीकडून. ऐंशीच्या दशकात परवान्यावरून पोलीस या बायकांच्या मागे लागायचे. तुम्ही डॉइलचे, म्हणजे आयर्लंडच्या संसदेच्या खालच्या सभागृहाचे, अपक्ष सदस्य असूनही त्यांच्याबरोबर रस्त्यावर उतरलात, पुन्हा असं करणार नाही अशी हमी लिहून द्यायला नकार दिलात आणि 1986 मध्ये दोन आठवडे माउंटजॉय तुरुंगात काढलेत.

आयर्लंडच्या एकीकरणासाठी लढणाऱ्या शिन फेन पक्षातला तुमचा काळ, 1970 च्या फुटीत त्यातल्या डाव्या वळणाच्या ऑफिशियल गटाची निवड, पुढे सीमस कॉस्टेलोंचा समाजवादी पक्ष, यातलं सगळंच मला पटतं असं नाही. पण तुम्ही शेवटी ज्या कामाला लागलात ते घरांचं, नोकऱ्यांचं होतं. बॅलीबॉकमधल्या तुमच्या आईला महापालिकेत घर मागायला गेल्यावर म्हणे सांगितलं होतं, सहा मुलं झाली की या. ते तुम्ही विसरला नाहीत.

म्हणूनच 1982 चा तो करार मला फार आवडतो. पंतप्रधान व्हायला निघालेल्या चार्ल्स हॉहींना बहुमतासाठी तुमचं एक मत हवं होतं. आपल्याकडे अशा वेळी अपक्षाला काय मिळतं ते सांगायला नको! तुम्ही मागितलीत ती शहराच्या मध्यभागासाठी 440 नवी घरं, बंदराची 27 एकर जमीन, क्लोंडाल्किनच्या बंद पडलेल्या कागद गिरणीचं राष्ट्रीयीकरण. तेही सही-साक्षीनिशी, आणि वर सगळा कागद डॉइलमध्ये वाचून दाखवलात. नोव्हेंबरात सरकार पडलं आणि बरंचसं कागदावरच राहिलं. पण आपल्या वस्तीसाठी मागायला लाजू नये, हे लोकांना तेव्हा दिसलं.

त्याच वस्तीत हेरॉइननं पोरं मरत होती. विकणाऱ्यांची मालमत्ता जप्त करा, असं तुम्ही घसा कोरडा करून सांगत होतात. 1996 मध्ये पत्रकार व्हेरोनिका गेरिन यांचा खून झाला, तेव्हा कुठं सरकारला जाग आली आणि तसा कायदा झाला. गुंडाचा बंगला जप्त झाल्याची बातमी वाचली की तुम्हाला मनातल्या मनात नमस्कार करते.

आणि हो, जवळजवळ 27 वर्षं टाय न लावता डॉइलमध्ये बसलात, त्याबद्दलही आभार. आमचे हे ऑफिसात तुमचाच दाखला देतात.

आपली,
डब्लिनात राहणारी एक कोकणी बाई