बाबांची उजळणी घेऊ नकोस

ती. बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर मागून आईचा आवाज येत होता, "आज तारीख काय? मुख्यमंत्री कोण? शंभरातून सात गेले?" आणि बाबा निमूट म्हणत होते, "त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी..." आई, हे आजपासून बंद. बुधवारच्या स्मरणशक्तीच्या तपासणीची तयारी करायची नसते. घोकून गेलं की खरी अडचण झाकली जाते, आणि वर्षभराने पुन्हा तपासायचं झालं तर ताडून बघायला काही उरत नाही.

बाबा, तुम्ही विचारलंत, "मला वेड लागलंय का?" अजिबात नाही. पण एकच वीजबिल दोनदा भरलं गेलं, तर का, ते बघायला नको का? आपल्या डॉक्टरांच्या ३० गुणांच्या चाचणीत तुम्हाला २७ मिळाले म्हणून आईने सुटकेचा श्वास सोडला. ती चाचणी १९७५ साली अमेरिकेत आली, रुग्णाच्या खाटेशी बसून चटकन अंदाज घेता यावा म्हणून. जन्मभर बँकेत कॅश सांभाळलेल्या माणसाला सात-सात वजा करायला काय लागतं? उलट आपल्या आजीचे गुण तिथेच गेले असते, डोकं शाबूत असून. हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांतल्या अभ्यासासाठी ती हिंदीत नव्याने बसवावी लागली, ती याचमुळे. अक्षरओळख नसलेल्या माणसाला शब्दाचं स्पेलिंग उलटं कसं विचारणार? तिथे आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगतात.

बुधवारची तपासणी दोन-तीन तास चालेल, मधे चहाला थांबता येतं. त्यात मला स्वतःला सगळ्यात बोलका वाटतो तो शब्दांचा भाग. शब्दांची यादी वाचून दाखवतात, तुम्ही म्हणून दाखवायची. मग दुसरीच कामं देतात आणि वीस-तीस मिनिटांनी तेच शब्द पुन्हा विचारतात. किती आठवले एवढंच आम्ही तपासणारे बघत नाही. "त्यात एक भाजी होती" असं सुचवल्यावर "हां, दोडका!" असं झालं, तर शब्द आत शिरलाय, बाहेर काढताना अडतोय. सुचवूनही पाटी कोरी राहिली, तर तो मुळात साठलाच नसावा. दोन्हींत विसरणं सारखंच दिसतं, पण कारणं वेगळी असू शकतात.

घड्याळही काढायला लावतील. हे सांगितल्याने काही बिघडत नाही, घड्याळ पाठ करता येत नाही. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हटलं की काहींचा मिनिटकाटा सरळ दहाच्या आकड्यावर जातो. दहा मिनिटं म्हणजे दोनचा आकडा, हे त्यांना ठाऊक असतं, पण कानावर पडलेला 'दहा' हाताला ओढून नेतो. तो मोह आवरणं हे मेंदूच्या पुढच्या भागाचं काम.

विसरण्यामागे दरवेळी मोठा आजार असतो असंही नाही. बी-१२ कमी असेल, थायरॉइड बिघडलं असेल, मन खचलं असेल, तरी हेच होतं. अण्णाकाका गेल्यापासून तुमचं जेवणावर लक्ष नाही, हे तिथे मोकळेपणाने सांगा. आई, त्यांच्या झोपेच्या गोळीचं पाकीटच सोबत घे. चष्मा घ्या, आणि कपाटातलं कानाचं मशीन बाहेर काढून सेल बदला. शब्द ऐकूच आला नाही तर तो विसरला असं धरलं जाईल, आणि त्यात बाबांचा काय दोष?

तपासणी मराठीतूनच होईल, तसं मी बोलून ठेवलंय. ती मी घेणार नाही, आपल्याच माणसांची आम्ही घेत नाही. आई, तूही आत बसायचं नाहीस. बाबांनी तोंड उघडायच्या आत तू उत्तर देतेस. तुला वेगळं बसवून विचारतील, तेव्हा घरात काय काय बदललंय ते सगळं सांग, त्यांची बाजू सांभाळत बसू नकोस.

रिपोर्टला आठवडा लागेल. तोवर वीजबिल मी इथून भरते. बाबा, त्यावरून वाद नको.

तुमची,
सुमी