लोकलचा जाब पालिकेलाही विचारायला हवा

महोदय,

लोकल उशिरा आली की आपण रेल्वेच्या नावाने बोटे मोडतो आणि स्थानकाबाहेर चिखल तुडवताना पालिकेच्या. या दोन रागांची कधी गाठच पडत नाही. मी कल्याणपलीकडून रोज मुंबई गाठते आणि प्रवाशांच्या प्रश्नांसाठी अर्ज-निवेदने घेऊन कार्यालयांचे उंबरे झिजवते. त्या अनुभवावरून एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. गाडी वेळेवर धावणे हे रेल्वेच्या हातात आहेच, पण आपल्या महापालिका आणि नगरपालिकांच्याही हातात आहे. त्यांना मात्र याबद्दल कोणी काही विचारत नाही.

फाटकाचेच घ्या. फाटक पूर्ण बंद झाल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. ही सुरक्षेची व्यवस्था आहे आणि ती तशीच राहिली पाहिजे. पण फाटक उघडले रे उघडले की दोन्ही बाजूंनी रिक्षा, दुचाक्या, टेम्पो एकदम घुसतात आणि मधोमध अडकून बसतात. गेटमन शिट्ट्या मारतो, हात जोडतो, शेवटी एखाद्या रिक्षाला स्वतः मागे ढकलतो. तोवर मागे एकामागून एक लोकल उभ्या राहिलेल्या असतात. दिवा स्थानकाजवळच्या फाटकावर हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. तिथे चार मिनिटे गेली की त्याचा फटका एकट्या दिवेकरांना बसत नाही. कसारा-कर्जतपासून सीएसएमटीपर्यंत सगळे वेळापत्रक घसरते आणि डोंबिवलीच्या फलाटावर दोन गाड्यांची गर्दी एका गाडीत चढते.

यावरचा उपाय सगळ्यांना माहीत आहे, उड्डाणपूल. रुळांवरचा भाग रेल्वेने बांधायचा आणि दोन्ही बाजूंचे पोहोचरस्ते पालिकेने, अशी साधारण वाटणी असते. रुळांवर जागा रेल्वेचीच असते, त्यामुळे तिथे गर्डर चढवायला ब्लॉक, म्हणजे गाड्या थांबवून कामासाठी वेळ, मिळाला की काम पुढे सरकते. पोहोचरस्त्याला मात्र जागा ताब्यात घ्यावी लागते, त्या जागेवरच्या घरांचे, दुकानांचे पुनर्वसन करावे लागते, लोकांशी बसून बोलावे लागते. फाइल अडते ती इथे. दिव्याचा पूल भूसंपादनापायीच रखडत गेला. कळव्यातला खारेगावचा पूलही अनेक वर्षे रेंगाळला होता. जानेवारी २०२२मध्ये तो खुला झाला आणि कळव्याचे फाटक बंद झाले, तेव्हा श्रेय घ्यायला सगळे पुढे आले. पूल का लांबला, हे सांगायला त्यातला एकही पुढे आला नव्हता.

ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या मार्गिकेची कथा वेगळी नाही. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याला, म्हणजे एमयूटीपी-२ला, २००८मध्ये मंजुरी मिळाली आणि या मार्गिका सुरू झाल्या फेब्रुवारी २०२२मध्ये. एखादे मूल जन्मून आठवीपर्यंत शिकले, एवढा हा काळ. तांत्रिक अडचणी होत्या, हे मान्य. पण रुळांलगतच्या कुटुंबांचे पुनर्वसन हा त्यातला मोठा भाग होता आणि ते काही मोटरमन किंवा स्टेशनमास्तर करू शकत नाहीत. लोकल हा केंद्राचा विषय आहे, आम्ही काय करणार, असे म्हणून आपले लोकप्रतिनिधी सहज मोकळे होतात. हे उत्तर आता पुरे. मुंबईचे उपनगरी रेल्वे प्रकल्प राबवणारे मुंबई रेल्वे विकास महामंडळ १९९९मध्ये स्थापन झाले, त्यात ४९ टक्के वाटा राज्य सरकारचा आहे. जागा राज्याची, पुनर्वसन राज्याचे आणि स्थानिक संस्थांचे, स्थानकाबाहेरचा रस्ता पालिकेचा. मग विषय केंद्राचा एकट्याचा कसा?

९ जून २०२५ची मुंब्र्याची दुर्घटना आपण विसरलेलो नाही. वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून जात असताना दारात लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि किमान चौघांचा जीव गेला. त्यानंतर बंद होणाऱ्या दरवाजांची चर्चा झाली. दरवाजे बंद व्हायला हवेत, याबद्दल दुमत नाही. पण बाहेर लटकणारा माणूस हौसेने लटकत नाही, त्याला आत जागा नसते. जागा हवी तर फेऱ्या वाढायला हव्यात, फेऱ्यांसाठी मार्गिका हव्यात आणि मार्गिकांसाठी जमीन. कल्याण-बदलापूर पट्ट्यात आजही लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या, सगळे दोनच रुळांवर चालते. तिसरी-चौथी मार्गिका २०१९च्या एमयूटीपी-३एमध्ये मंजूर झाली. या काळात अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळ्याकडे टॉवरवर टॉवर उभे राहिले. त्यांना बांधकाम परवानगी रेल्वेने दिलेली नाही. ती ज्यांनी दिली, त्यांनी या नव्या घरांतली माणसे सकाळी कोणत्या गाडीत बसणार, असा प्रश्न एकदा तरी विचारला होता का? जाहिरातीत ‘स्थानकापासून दहा मिनिटांवर’ असे छापून येते. गाडीत शिरायला किती वेळ लागतो, ते कुठेच छापलेले नसते.

आता स्थानकाच्या दारातले सांगते. आमच्या स्थानकात पादचारी पूल उतरून बाहेर पडलात की शेवटच्या पायरीपाशी रेल्वेचे पेव्हर ब्लॉक संपतात आणि पालिकेचे डांबर सुरू होते. दोहोंच्या मध्ये वीतभर उंचीचा फरक आहे आणि नेमके त्याच रेषेवर गटाराचे झाकण आहे. ते तुटलेले आहे. कोणीतरी त्यात झाडाची फांदी खोचून ठेवली आहे, म्हणजे येणाऱ्याला निदान दिसावे. रेल्वेचा सफाई कामगार त्या रेषेपर्यंत झाडू मारतो आणि थांबतो. पालिकेचा कामगार पलीकडून येतो आणि तोही अलीकडे थांबतो. मधल्या पट्ट्यात कचरा तसाच. दोघांचेही चुकत नाही, दोघांना हद्द आखून दिलेली आहे. मी अर्ज दिला तेव्हा एका कार्यालयाने लेखी उत्तर दिले की ही जागा आपल्या अखत्यारीत येत नाही. दुसऱ्या कार्यालयाचे उत्तरही जवळजवळ याच शब्दांत आले. संध्याकाळी गाडी आल्यावर हजार माणसे त्या एका झाकणाला वळसा घालून रिक्षांच्या तोंडाशी उतरतात. पावसाळ्यात पाणी साचले की फांदीही दिसत नाही.

ही टोलवाटोलवी माणसे मारते. १४ मार्च २०१९ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल कोसळून सात जणांचा बळी गेला, तेव्हा पूल नक्की कोणाचा, यावर त्याच संध्याकाळी वाद सुरू झाला होता. पूल पालिकेचा निघाला. पालिकेनेच नेमलेल्यांच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये तो किरकोळ दुरुस्तीवर सुटला होता. अंधेरीचा गोखले पूलही तसाच, २०१८मध्ये त्याचा पदपथ रुळांवर कोसळला. पुढे तो पाडून नवा बांधला, तर फेब्रुवारी २०२४मध्ये पहिली बाजू खुली करताना लक्षात आले की शेजारचा बर्फीवाला पूल आणि हा नवा पूल यांच्या उंचीत माणसाच्या उंचीइतका फरक पडला आहे. एकाच रस्त्याचे दोन तुकडे, मध्ये दोन यंत्रणा. नंतर तो जोडला गेला, पण जे काम आराखड्याच्या कागदावर मिटायला हवे होते ते लोकांच्या पैशाने आणि लोकांच्या वेळेने मिटले.

यात गेली काही वर्षे विचारायचे कोणाला, हाच प्रश्न होता. घटनेच्या २४३-यू कलमानुसार पालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्याआधी निवडणूक घेणे बंधनकारक आहे. आपल्याकडे मात्र कल्याण-डोंबिवलीची मुदत २०२०मध्ये संपली, अंबरनाथ-बदलापूरची त्याच वर्षी, ठाणे आणि मुंबईची २०२२मध्ये, आणि तेव्हापासून प्रशासकांचे राज्य होते. ठराव मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच. अधिकारी कामसू असतीलही, पण महासभाच नाही तर प्रश्न विचारायचा कुठे? मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले, तेव्हा कुठे हालचाल झाली आणि जानेवारी २०२६मध्ये महापालिकांचे मतदान पार पडले. एवढ्या वर्षांनी सभागृहे भरली आहेत. ती आता फक्त नामकरणाचे ठराव आणि अभिनंदनाचे प्रस्ताव करण्यात जाऊ नयेत, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

माझे मागणे साधे आहे आणि त्याला नवा कायदा लागत नाही. प्रत्येक स्थानकाबाबत रेल्वे, पालिका आणि वाहतूक पोलीस यांचे अधिकारी दर तीन महिन्यांनी एका टेबलावर बसावेत, बंद दाराआड नव्हे, प्रवाशांसमोर. कोणते काम कोणाकडे अडले आहे, कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या तारखेपासून, हे लिहिलेला तक्ता स्थानकात आणि प्रभाग कार्यालयात लावावा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४नुसार अशी माहिती आपणहून जाहीर करणे हे तसेही त्यांचे कर्तव्यच आहे. प्रवासी गळ्यात पास अडकवून फलाटाफलाटावर माहितीचे अर्ज लिहीत बसणार नाहीत. राज्याच्या कायद्यात २००९पासून क्षेत्रसभांची, म्हणजे वॉर्डातल्या मतदारांच्या सभांची, तरतूद आहे. किती नगरसेवकांनी त्या भरवल्या? आपल्या वॉर्डात कोणी पाहिली असेल तर मला आनंदच होईल. मी तरी पाहिलेली नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे आंदोलनाशिवाय होत नाही. ऑगस्ट २०२२मध्ये कळवा आणि बदलापूरचे प्रवासी साध्या लोकलच्या जागी एसी लोकल सोडल्यावरून आक्रमक झाले आणि मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या, हे खरे. पण लोकांनी रुळांवर उतरल्यावरच ऐकू जाणारी व्यवस्था मला नको आहे. त्या दिवशी अडकलेल्या गाडीतही आपल्यासारखीच माणसे होती, कोणाचा पेपर होता, कोणाला दवाखान्यात पोहोचायचे होते. रोजची गाऱ्हाणी ऐकायला रोजची जागा हवी आणि ती जागा म्हणजे पालिकेचे सभागृह.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. महासभेचे वृत्त देताना कोणत्या पक्षाने किती गोंधळ घातला याच्या जोडीने, रेल्वे पूल, पोहोचरस्ते आणि स्थानक परिसर यांबद्दल कोणत्या नगरसेवकाने कोणता प्रश्न विचारला आणि प्रशासनाने काय उत्तर दिले, तेही नावानिशी छापावे. ज्याने काहीच विचारले नाही, त्याचेही नाव छापावे.

आपली,
एक पासधारक प्रवासी