गाडीचा विमा, आणि सर्जा का विकला ते

मुक्काम घर, ता. दारव्हा, जि. यवतमाळ
१६ जानेवारी

चि. मोनीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन रागाने ठेवलास म्हणून कागद-पेन काढलं. मी फोनवर आकडे सांगायला लागलो की तुला वाटतं बाबा नाही म्हणताहेत. नाही म्हणत नाहीये. तुझं लायसन पोस्टाने आलं त्या दिवशी तुझ्या आईने ते पदराने पुसून देवघरात ठेवलं. अजून तिथंच आहे, तू डिजिलॉकरमधलं दाखवत जा. आजीला महिन्यातून दोनदा यवतमाळला न्यावं लागतं आणि रात्री समोरच्या गाडीचा उजेड आता माझ्या डोळ्यांना सोसत नाही. तेव्हा गाडी घ्यायची आणि चालवायची तूच, हे ठरलेलं आहे.

राहिला प्रश्न विम्याचा. अमरावतीच्या त्या एजंटने तुला अकरा हजार चारशेचा आकडा लिहून दिला आणि वर सांगितलं, "मुलगी अठराची, लायसन नवीन, म्हणून जास्त." त्यातलं वयाचं कारण तू मनावर घेतलंस. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणाऱ्या विम्याचा, हप्ता सरकार ठरवतं आणि तो वयावर नाही, इंजिनावर असतो. २०२२ च्या जूनपासूनचे दर मी वहीत उतरवून ठेवलेत. १००० सीसीपर्यंतच्या खाजगी कारला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६, त्याच्या वर ७,८९७. वरून १८ टक्के जीएसटी. चालवणारी अठराची असो की साठीचा म्हातारा, आकडा तोच.

आता तुला हवी असलेली बोलेरो. मामाने पाहिलेली ती जुनी बोलेरो २५२३ सीसीची आहे, आणि मी म्हणतो ती जुनी वॅगनआर ९९८ सीसीची. नुसत्या थर्ड पार्टीत कर धरून पावणेसात हजारांच्या वर फरक पडतो, आणि तो दर वर्षी. म्हणजे साधारण क्विंटलभर कापूस. "उंच गाडीतून रोही (नीलगाय) लांबून दिसतो" हे तुझं म्हणणं खरं आहे, मी खोडत नाही. पण क्विंटलभर कापूस वेचायला बायांना काय लागतं हे तू पाहिलंयस. आईचं मत वेगळंच, "पोट्टीले एवढी मोठी गाडी कायले, उतरताना पडन."

मला खरं बोलायचंय ते गाडी कुणाच्या नावावर घ्यायची याबद्दल. तू म्हणालीस, लायसन माझं तर गाडी माझ्या नावावर. आई म्हणते तिच्या नावावर. आईकडे लायसन नाही, म्हणून ते बाद. मालक-चालकाचं जे पंधरा लाखांचं अपघात कव्हर असतं, ते मालकाकडे लायसन असेल तरच लागू होतं. उरलो तू आणि मी.

आपली अल्टो दिवाळीत विकली तेव्हा मी कंपनीकडून एक कागद मागून घेतला होता, आठवतं? तू विचारलं होतंस, गाडी गेल्यावर हा कशाला जपता. तो नो क्लेम बोनसचा दाखला आहे. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. एक वर्ष क्लेम घेतला नाही तर २० टक्के, मग २५, ३५, ४५, आणि सलग पाच वर्षांनंतर ५०. माझा ५० झालेला आहे आणि तो दाखला तीन वर्षं चालतो. वॅगनआर माझ्या नावावर घेतली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो हप्ता आहे, तो निम्मा होतो. तुझ्या नावावर घेतली तर तू शून्यापासून सुरू करणार, आणि माझा बोनस तुला देता येत नाही. नियमच तसा आहे.

तुझा मावसभाऊ इंग्लंडला आहे, त्याला मी हे सांगितलं तर तो हसला. तिकडे नव्या पोरांचा हप्ता वयावरच चढतो, कधी कधी गाडीच्या किमतीच्या वर जातो. म्हणून काही जण गाडीत एक डबी बसवून घेतात, ती ब्रेक कसा मारला, रात्री किती फिरलास हे सगळं कंपनीला कळवते. आणि बापाला मुख्य चालक दाखवून विमा काढला आणि रोज पोरगाच चालवत असला, तर ती फसवणूक धरतात. आपल्याकडे पॉलिसी गाडीची असते. चालवणाऱ्याकडे चालू लायसन असलं म्हणजे झालं. तरीही फॉर्मवर विचारलं तर मुलगी चालवणार असंच लिहायचं, लपवायचं काही नाही.

माझ्या इथल्या विम्याच्या माणसाने वॅगनआरचा काढून दिलेला हिशेब असा. गाडीची किंमत दोन लाख धरली, नुकसानीचा हप्ता ३,६०० रुपये, बोनसने १,८००. थर्ड पार्टी २,०९४. कर मिळवून ४,५९५. त्यात मालक-चालकाचं अपघात कव्हर घालायचं, आणि तुझं नाव लिहून वेगळं वैयक्तिक अपघात कव्हर घालायचं. हे दुसरं विसरायचं नाही, कारण ते पंधरा लाख माझ्यासाठी आहेत आणि स्टेअरिंगवर तू असणार. तरी साडेपाचाच्या आत बसतं. शिवाय तुझ्या बँक खात्यावर वर्षाला वीस रुपये कापून ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना चालू करून घे, दोन लाखांची आहे, अठरा पूर्ण झाले की मिळते. माझी आणि आईची आहे.

मग त्या एजंटचे अकरा हजार कुठून आले? मी फोटो मोठा करून पाहिला. बोनस धरलेला नाही, आणि वर सगळी तोरणं. चावी हरवली तर कव्हर. आपल्या घरी चावी चाळीस वर्षं एकाच खुंटीला आहे. नऊ वर्षांच्या गाडीला झिरो डेप (भाग जुना म्हणून पैसे न कापता भरपाई देणारं कव्हर) लावलंय, ते इतक्या जुन्या गाडीला बऱ्याच कंपन्या देतही नाहीत. एका गोष्टीचा मात्र विचार कर, इंजिनात पाणी शिरलं तर साध्या पॉलिसीत ते येत नाही. त्याचं कव्हर वेगळं मिळतं. घ्यावं का? मी म्हणतो पैसे वाचव आणि नाल्याच्या पुलावर पाणी असलं की थांब. २०२१ च्या सप्टेंबरात उमरखेडकडे दहागावच्या नाल्यात एसटी वाहून गेली होती. बस वाहते तिथं वॅगनआर काय!

आता सर्जाचं, आपल्या बैलाचं. तू दहा वर्षांची होतीस. बाजारातून मी एकटाच परत आलो आणि तू दोन दिवस जेवली नाहीस. मी सांगितलं होतं की त्याचा पाय दुखायचा. खोटं होतं ते.

त्या वर्षी मी अल्टो घेतली होती, जुनीच, दारव्ह्यातल्या एका माणसाकडून. आरसी, म्हणजे गाडीची नोंदणी, माझ्या नावावर करून घेतली. विम्याचे चार महिने बाकी होते, म्हटलं चार महिने त्याच्याच नावावर राहू दे, नंतर करू. डिसेंबरात संध्याकाळी आर्णीहून येत होतो. तुरी उंच झालेल्या, रस्त्याच्या कडेपर्यंत. त्यातून रोही निघाला. आवाज असा झाला की कुणी पोतं आपटावं. तो उठून पळाला, मी खाली उतरलो, डावा दिवा वायरीला लोंबकळत तसाच जळत होता आणि त्याच्या उजेडात तुरीच्या शेंगा दिसत होत्या. तेवढंच लक्षात राहिलं.

गॅरेजवाल्याने बेचाळीस हजार सांगितले. नुकसान तपासणारा विमा कंपनीचा सर्व्हेअर आला, गाडी फिरून पाहिली, मग कागद मागितले. आरसीवर माझं नाव, पॉलिसीवर जुन्या मालकाचं. त्याने वही मिटली. म्हणाला, दादा, तुम्ही कुणाला धडक दिली असती तर त्याला पैसे मिळाले असते, तो भाग गाडीबरोबर आपोआप येतो. तुमच्या गाडीचं नुकसान येत नाही. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत कंपनीला कळवायचं असतं. बदलाला लागले असते काही शे रुपये. मी भांडलो, अर्ज दिला, दोन चकरा मारल्या. चूक माझीच होती, तरी त्या सायबाचा आवाज अजून कानात आहे. पुढच्या सोमवारी सर्जाला बाजारात नेलं.

म्हणून मामाला सांग, वॅगनआर ताब्यात घेतानाच गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर मालकाच्या सह्या घे. तिच्यावर कर्ज होतं का तेही आरसीवर बघ. तिची पॉलिसी महिनाअखेर संपते आहे, त्याच्या आत माझ्या नावाने नवी काढायची. खंड पडला की कंपनी गाडीची पाहणी झाल्याशिवाय नुकसानीचा विमा देत नाही. एकदा घेतली की नूतनीकरणाची तारीख मी कालनिर्णयवर गोल करणार आहे, कारण मुदत संपून नव्वद दिवस गेले की पन्नास टक्के बोनस पाण्यात.

तुझ्या मैत्रिणीने व्हॉट्सअॅपवर पाठवलेली ती अडीच हजारांची "फुल इन्शुरन्स" पॉलिसी मात्र मुळीच घेऊ नको. नुसती थर्ड पार्टीच कर धरून २,४७१ ला पडते. उरलेल्या एकोणतीस रुपयांत कोण फुल देतो? पॉलिसी हातात आली की सरकारच्या एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून विम्याची मुदत दिसते का ते बघायचं. कंपनी निवडताना मी शे-दोनशे रुपये बघणार नाही, यवतमाळात किंवा अमरावतीत तिचं कॅशलेस गॅरेज, म्हणजे जिथलं बिल कंपनीच परस्पर भरते ते, आहे का ते बघणार. नागपूरला आहे म्हणाले तर आपल्याला काय उपयोग, तिथवर गाडी ओढून नेण्यात निम्मे पैसे जातील.

लहानसहान ओरखड्याला क्लेम करायचा नाही. दारात गुरं बांधलेली, एखाद दिवशी कुणीतरी शिंग घासणारच. पहिले हजार तर आपल्यालाच भरावे लागतात, वरून बोनस शून्यावर येतो. तीन-चार हजारांपर्यंतचं काम आपण गावातल्या पेंटरकडूनच करू.

आणि बाजाराच्या दिवशीचं. तू यवतमाळहून निघालीस की फाट्यावर चार जण हात करतील. ओळखीचे असतील, बसव. पण कुणी "पेट्रोलले म्हनून शंभर ठेव" म्हणालं तर घेऊ नको, आपल्या सरपंचाने दिले तरी नको. पैसे घेऊन माणसं बसवली की खाजगी गाडी भाड्याची होते, आणि त्या दिवशी काही झालं तर कंपनी हात वर करते. लोक म्हणतील पोरीला माज आला. म्हणू दे.

बंट्या तुझ्यामागे लागेल, "ताई, शेतापर्यंत चालवू दे." तो पंधराचा आहे. सापडला तर मला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्याला पंचविशीपर्यंत लायसन नाही. त्याला हे मी सांगितलंय, तो म्हणाला "शेतात कोन पाह्यते." चावी खुंटीवरून काढून आईच्या पेटीत ठेवायची वेळ आली आहे बहुतेक.

आरसीच्या दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो रविवारपर्यंत पाठव, आणि मालकाच्या जुन्या पॉलिसीचाही. सोमवारी मी दारव्ह्याला जाणार आहे, दाखला घेऊन. तूर निघायची आहे, त्यामुळे परत चक्कर होणार नाही.

तुझे
बाबा

ता. क. बोलेरोचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकणं आता बंद कर. आई ते बोटांनी मोठे करून करून पाहते आहे, आणि काल शेजारच्या काकूंना म्हणाली, "तशी उंच गाडी बरी असते."