चि. सोनूस

चि. सोनू, अनेक आशीर्वाद.

तू चंद्रपूरच्या गाडीत बसलास आणि इकडे तुझी कामावरची पँट धुवायला घेतली, तर खिशातून गोळ्यांची पट्टी निघाली. डायक्लोफिनॅक, दुखण्याची गोळी. दहापैकी आठ रिकाम्या. ‘कंबर धरली की कधीतरी घेतो’ म्हणाला होतास. कधीतरी घेणाऱ्याच्या खिशात पट्टी राहत नाही रे. फोनवर सांगितलं की ‘हो आई, हो’ म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहिते.

आधी कारण समजून घे. भट्टीजवळ पाळीभर घाम गेला की अंगातलं पाणी उतरतं आणि किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं. अशा वेळी किडनी रक्त आत आणणारी नळी सैल ठेवून काम निभावते. दुखण्याची गोळी नेमकी तीच सोय बंद करते. म्हणून दिवाळीत घरी बसून घेतलेली एक गोळी वेगळी आणि मे महिन्यात, तहानलेल्या अंगात, उपाशीपोटी घेतलेली एक वेगळी. आयब्युप्रोफेन, एसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड या सगळ्या त्याच जातीच्या. मेडिकलवाल्यानं पाकीट बदलून दिलं म्हणून निराळं काही होत नाही. तुझ्या बाबांना तर मी यातली एकही घेऊ देत नाही. त्यांची बीपीची गोळी, त्यात लघवी वाढवणारी गोळी, आणि वरून ही, म्हणजे किडनीवर तिन्हीकडून मार.

कंबर दुखली तर पॅरासिटामॉल ६५० घे, दोन गोळ्यांत निदान सहा तासांचं अंतर ठेव आणि दिवसाला तीनच्या वर जाऊ नको. दारू घेतली असेल त्या दिवशी तीही नको. गरम पाण्याची पिशवी वीस मिनिटं. वरून लावायचं जेल चालेल, त्यातलं रक्तात फार थोडं उतरतं. आठ दिवसांत कंबर सुटली नाही तर डॉक्टरला दाखव.

पाण्याचं सांगते. दुपारी जेवताना एकदम बाटलीभर ढोसून भागत नाही. काम चालू असताना दर वीस मिनिटांनी एक ग्लास, तहान लागो न लागो. मात्र तासाभरात दीड लिटरच्या वर नको, त्यानं रक्तातलं मीठ फार पातळ होतं. लघवी फिकट पिवळी असेल तर ठीक, मोहरीच्या तेलासारखी गडद दिसली तर पाणी कमी पडलं समज. घाम फारच गेला, पायात गोळे आले, तर ओआरएस घे. पण अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात. तुझा तो मित्र ग्लासात अर्धं पाकीट ओततो, ते चूक आहे, त्यानं मीठ भलतंच दाट होतं. आणि बीपी असलेल्यानं ओआरएस रोजचं सरबत म्हणून प्यायचं नसतं.

आता बीपी. कंपनीच्या तपासणीत १४६/९४ निघालं आणि तू हसलास. ‘आई, एवढं काय काऊन घाबरतेस?’ घाबरते, कारण किडनी खराब होण्यामागे साखर आणि बीपी हीच दोन मोठी कारणं, आणि दोन्ही दुखत नाहीत. पुन्हा मोज. पाच मिनिटं शांत बसून, पाय जमिनीला टेकून, हात छातीच्या उंचीवर ठेवून, दोनदा. त्याआधी अर्धा तास चहा नाही, खर्रा नाही. खर्रा तर कधीच नाही! तंबाखूनं त्या बारीक नळ्या आकसतात. तुझ्या खिशात मला दोन्ही सापडतात, गोळी आणि पुडी, म्हणून जीव खालीवर होतो.

गोळीवरच येऊन अडकले पुन्हा. बोलते जास्त, राग मानू नको. स्लॅब तुझ्या पगारावर पडला, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगते. लहानपणी कापसाच्या वेचणीला मडकं डोक्यावर घेऊन तू सगळ्या बायांना पाणी पाजायचास आणि स्वतः शेवटी प्यायचास. तीच सवय अजून आहे तुझी.

मीठ दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. भाजीतलंच निम्म्यावर जातं, त्यावर पापड, लोणचं, तळलेली खारी मिरची आणि नाक्यावरची तर्री म्हटल्यावर हिशोब संपला. सैंधवही मीठच. मामी त्या कमी सोडियमच्या मिठाचं विचारत होती. मामाला ते बिलकुल देऊ नका म्हटलं, त्यात पोटॅशियम असतं आणि त्याची किडनी ते बाहेर टाकत नाही. खारपाणपट्ट्यातलं खारं पाणी आयुष्यभर प्यायला माणूस. पाणी उकळून पितो म्हणायचा, पण उकळल्यानं जंतू मरतात. क्षार आणि फ्लोराइड जात नाहीत, उलट दाट होतात. आता आठवड्यातून दोनदा अकोल्याला, चार-चार तास डायलिसिसच्या मशीनवर. त्याला बघून आल्यापासून मी तुझ्या मागे लागले आहे, हे तुलाही कळतंच.

सोमवारी लॅबमध्ये जा. रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, आणि ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज. शिवाय लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन)-क्रिएटिनिन प्रमाण. नुसत्या क्रिएटिनिनवर थांबू नको. किडनीची अर्धी ताकद गेली तरी तो आकडा कधीकधी बरा दिसतो, लघवीतली प्रथिनं आधी गळू लागतात. लघवीचा आकडा ३०च्या खाली हवा, ईजीएफआर ९०च्या वर असला तर उत्तम. सकाळची पहिली लघवी दे. आदल्या रात्री मटण नको, जड वजन उचलू नको. रिपोर्ट आला की फोटो मला पाठव, आकडे मी बघते.

तुझी,
आई

ता.क. आत्याची लोणच्याची बरणी तुझ्या बॅगेत खालीच आहे. एका जेवणाला एक फोड.